शाळेत टीव्ही बसवायचा म्हटल्यावर काय काय झालं (माझा अनुभव)

आमची शाळा कर्नाटकातली, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या पुढची, सरकारी मराठी, पहिली ते पाचवी आणि पोरं सगळी मिळून २७. मी एसडीएमसीची, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीची मेंबर. मेंबर म्हणजे काय, बायकांची संख्या भरायला पाहिजे म्हणून नाव घातलेलं, खरं टीव्हीचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं.

झालं असं की गणपतीच्या वर्गणीतले १९ हजार शिल्लक राहिले आणि मंडळाची पोरं म्हणाली, वहिनी, पुढच्या वर्षीच्या डीजेला ॲडव्हान्स देण्यापेक्षा शाळेला स्मार्ट टीव्ही घेऊया. मीटिंगात लगेच दोन पार्ट्या. एका काकांनी जावयानं पुण्याहून पाठवलेला मेसेज वाचून दाखवला, स्वीडनचं सरकार २०२३ पासून पोरांना परत छापील पुस्तकांकडं वळवालंय आणि तुम्ही उलटं निघालाय. मेसेज खोटा नव्हता. खरं आमच्या डोक्यात लॉकडाऊन होता. २०२० च्या जूनमधे कर्नाटक सरकारनं पाचवीपर्यंतचे ऑनलाइन क्लास बंद केले, जुलैत हायकोर्टानं त्याला स्टे दिला, पेपरात रोज तेच, आणि आमच्या गावात घरात फोन एकच, तोही बापाबरोबर गोव्याला कामाला गेलेला, म्हणजे क्लास चालू काय आणि बंद काय. २५ ऑक्टोबर २०२१ ला पहिली ते पाचवी परत भरली तेव्हा तिसरीतली पोरं जोडाक्षराला अडखळत होती. शेवटी टीचर एवढंच म्हणाल्या, काका, फोन एकेकट्याच्या हातात असतो, हा सगळ्यांच्या पुढं भिंतीवर असणार आणि मी बाजूला उभी असणार. ठराव झाला.

बेळगावच्या खडेबाजारातनं ४३ इंची आणला, कमी पडलेले पैसे सगळ्यांनी थोडे थोडे घातले. मग दोन महिने तो खोक्यातच. कारण वर्गात एक बल्ब आणि एक पंखा सोडला तर पॉइंटच नाही, आणि वायरमननं टेस्टर लावून बघितला तर अर्थिंगचाच पत्ता नाही. आम्हीच शाळेमागं खड्डा काढला, कोळसा मीठ घालून पट्टी पुरली, त्याला दोन दिवस आणि दोन हजार गेले. वर स्टॅबिलायझर. वर कौलातनं गळतंय म्हणून सुताराकडनं दाराचं कपाट, कुलपासकट. टीव्ही घेणं हे ह्यातलं सगळ्यात सोपं काम होतं हे मला कोणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं.

आणि चालू झाल्यावर दाखवायचं काय? शाळेत रेंज नाही, देवळाच्या कट्ट्यावर एक काडी येते. म्हणून एका रविवारी मी आणि टीचर बेळगावला टिळकवाडीत नणंदेच्या घरी वायफायवर बसलो, पुस्तकातले क्यूआर कोड मारून सरकारचं दीक्षा ॲप बघितलं, यूट्यूब बघितलं, पेनड्राइव्ह भरला. मराठीत जे मिळालं ते बरंचसं महाराष्ट्रातलं. सोमवारी दुसरीला गणिताचा व्हिडिओ लावला तर त्यातली बाई २१ ला म्हणती, वीस एक. बालभारतीनं २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात ही पद्धत आणलेली, तिकडं केवढा गदारोळ झालेला, खरं आमच्या पोरांना ते काय माहीत. आधी गप्प, मग एकजण हळूच म्हणाला, टीचर, ह्यांना एकवीस येत नाही. वर्ग हसून हसून लोळला.

त्याच आठवड्यात पहिलीतला एक बारका उठला आणि चित्र पुढं सरकवायला स्क्रीनवर बोट फिरवालाय. सरकंना. मग दोन्ही हातांनी. हाताला फणसाचा चिक! तो डाग खोबरेल लावून काढताना माझा जीव वर-खाली.

पहिले पंधरा दिवस टीचर व्हिडिओ पूर्ण लावायच्या आणि पोरं तोंड उघडं टाकून बघायची, बंद केल्यावर विचारलं तर काही सांगता येत नव्हतं. मला तर वाटलं काकांचंच बरोबर निघतंय. मग एकदा बी रुजण्याचा व्हिडिओ चालू होता, त्यात गहू, आणि मधेच करंट गेला. वाट बघता बघता चौथीतली एक मुलगी म्हणाली, आमच्यात आधी भात भिजत घालतात, मग पोत्यात दाबून ठेवतात, मोड आले की रोपाच्या तरव्यात टाकतात. दुसरा म्हणाला, पोतं गरम लागतं हात लावला की. गरम का लागतं, ह्यावर पाऊण तास गेला, आणि करंट आला तरी कोणाचं टीव्हीकडं लक्ष नाही.

तेव्हापासनं टीचरनी रिमोटच हातात धरला. दोन मिनिटं चालवायचं, थांबवायचं, विचारायचं. पाच मिनिटांच्या व्हिडिओला अर्धा तास लागतो. दिवसाला एकच, तोही जेवणाच्या सुट्टीआधी, कारण जेवल्यावर लावला तर निम्मी पोरं झोपतात.

आता पाऊस सुरू झालाय. बुरशी धरू नये म्हणून कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवलाय, खरं तीन दिवस करंटच नाही, म्हणून माझी जुनी साडी चार पदरी करून टीव्हीवर टाकलीय. काका काल शाळेवरनं जाताना थांबून विचारत होते, कौल सरकलंय तिथं प्लास्टिक टाकू काय.