होम्स काउंटीत पंचवीस ट्रे युमासेट्टी

ओहायोतल्या कोलंबसहून रूट ६२ धरला की जॉन्सटाउन, युटिका, डॅनव्हिल करत करत होम्स काउंटीतल्या मिलर्सबर्गला पोचायला दोन तास लागतात. किलबक सोडलं की रस्ता वरखाली व्हायला लागतो आणि मग समोर पहिली काळी घोडागाडी दिसते, मागे नारिंगी त्रिकोण लावलेली, आणि आपोआप पाय ब्रेकवर जातो. ऑक्टोबरमध्ये गेलात तर दोन्ही बाजूंना मेपल पेटलेले असतात आणि शेतात मक्याच्या कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून ठेवलेल्या असतात, अगदी आपल्याकडे ज्वारीच्या काढणीनंतर ठेवतात तशा. मी सांगलीची, त्यामुळे पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी नवऱ्याला गाडी थांबवायलाच लावली होती.

बर्लिन गावाच्या जरा पुढे एका आमिश कुटुंबाचं शेत आहे (आमिश म्हणजे वीज-मोटारीपासून लांब, जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिश्चन पंथ), त्यांच्या फाटकाजवळच्या टपरीवरून आम्ही गेली पाच-सहा वर्षं टोमॅटो, मका, अंडी घेतोय. घरच्या बाई साठीच्या पुढच्या. आमिश लोकांत मिस्टर-मिसेस काही नसतं, लहान पोरंसुद्धा मोठ्यांना सरळ नावाने हाक मारतात, पण माझ्या तोंडून ते येतच नाही, मी मनातल्या मनात त्यांना काकूच म्हणते. तर सप्टेंबरमध्ये काकू म्हणाल्या की शेजारच्या घरी बाळाचं हार्टचं ऑपरेशन झालंय, त्याच्या बिलासाठी पुढच्या महिन्यात शनिवारी जेवण ठेवलंय, तुम्ही या. मी म्हटलं जेवायला तर येतेच पण करायलाही येऊ का? त्या माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "मग शुक्रवारी सकाळी ये, नूडल्स कापायच्यात."

हे बिलाचं प्रकरण आधी सांगते, कारण त्याशिवाय त्या जेवणाचा अर्थ लागत नाही. बहुतेक जुन्या वळणाचे आमिश लोक बाजारातला हेल्थ इन्शुरन्स घेत नाहीत. सोशल सिक्युरिटी म्हणजे सरकारी पेन्शनची योजना, तीही नको म्हणतात, आणि स्वतःचा धंदा करणाऱ्यांना १९६५ च्या कायद्याने त्यातून सूटही मिळालेली आहे. आपल्या माणसांची जबाबदारी आपल्या मंडळींनी घ्यायची असं त्यांचं म्हणणं. मग हॉस्पिटलचं बिल आलं की चर्चचा फंड, आणि तो पुरला नाही की लिलाव नाहीतर असं जेवण. जेवणाला दर नसतो, दारात एक लाकडी पेटी, ज्याला जे जमेल ते टाकायचं. आणि हे फक्त त्यांच्यातल्यांसाठी नसतं, आजूबाजूचे 'इंग्लिश' लोकही येतात. आमिश नाही तो इंग्लिश, हा त्यांचा साधा हिशोब, म्हणजे मी सांगलीची असले तरी तिथे इंग्लिशच.

शुक्रवारी सकाळी पोचले तर काकूंनी मला आधी वरच्या मजल्यावर नेलं. मोठ्या पलंगावर स्वच्छ पांढऱ्या चादरी अंथरलेल्या आणि त्यावर नूडल्सच्या पोळ्या वाळत घातलेल्या, खुर्च्यांच्या पाठीवर पण, लाकडी रॅकवर पण. रंग असा पिवळाधमक की मला वाटलं हळद घातलीय. नुसते पिवळे बलक आणि मैदा, पाणी जवळजवळ नाहीच. मी दारातच उभी राहिले. उन्हाळ्यात आमच्या आजीच्या माडीवर बाजेवर धोतर अंथरून शेवया आणि कुरडया वाळत असायच्या आणि आम्हा पोरांना कावळे हाकायला बसवायचे, तोच वास, तोच थोडासा कच्च्या पिठाचा, उन्हाचा. काकूंना मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं तर त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे पण पलंगावरच?" म्हटलं हो, पलंगावरच.

पोळी अर्धवट वाळली की कापायची हे महत्त्वाचं. जास्त वाळली तर मशीनमध्ये तुटते, ओली राहिली तर धागे एकमेकांना चिकटतात. काकू पोळीची कड दोन बोटांत वाकवून बघायच्या, चामड्यासारखी वाकली की झाली. टेबलाला घट्ट बसवलेलं हाताने फिरवायचं मशीन, एक मुलगी पोळी सरकवतेय, मी हँडल फिरवतेय, खालून शेवटची सून सुट्या नूडल्स उचलून चादरीवर पसरतेय. पाच घरांत मिळून पंचवीस पाउंड नूडल्स झाल्या.

आता पदार्थाबद्दल. त्याचं नाव युमासेट्टी. नूडल्स, बीफचा खिमा, टोमॅटो सूप, चिकनचं क्रीम सूप आणि चीज असे थर लावून ओव्हनमध्ये भाजायचं, बस. कोलंबसमध्ये राहणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल, कारण आमच्या इथल्या शाळांच्या कॅन्टीनमध्ये मिळणारा जॉनी मारझेट्टी त्याचाच भाऊबंद आहे, आणि मारझेट्टी हे नाव टेरेसा मारझेट्टी यांनी १८९६ मध्ये कोलंबसला काढलेल्या रेस्टॉरंटशी जोडलं जातं. म्हणजे बोलता बोलता जॉनी मारझेट्टीचा युमासेट्टी झाला असं म्हणतात. बर्लिनच्या दुकानांत फिरलं की असं वाटतं आमिश जेवण म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीचं जसंच्या तसं, पण काकूंच्या ओट्यावर कॅम्पबेलच्या सूपचे डबे रांगेत होते आणि व्हेल्विटा चीजच्या विटा. मला ते बघून अजिबात वाईट वाटलं नाही. पाच घरांत पाच बायका पंचवीस ट्रे करणार आणि सगळ्यांची चव एक यायला पाहिजे, तर डब्यातलं सूप हाच शहाणपणा आहे. आणि त्याच ओट्यावर घरचं लोणी, घरच्या नूडल्स, तळघरातून आणलेले काचेच्या बरण्यांतले बीट, हे पण होतंच की.

शनिवारी पहाटे साडेपाचला उठलो. घरात वीज नाही. चाकं लावलेलं एक लाकडी कपाट असतं, आत प्रोपेनची टाकी आणि वर दिवा, तो ढकलत किचनमध्ये आणला आणि त्याचा बारीक सूं सूं आवाज दिवस उजाडेपर्यंत चालू होता. शेगडी, ओव्हन, फ्रिज सगळं प्रोपेनवर. एका ट्रेचं प्रमाण असं: दोन पाउंड खिमा, एक मोठा कांदा, एक पाउंड नूडल्स, टोमॅटो सूपचा एक डबा, चिकन सूपचा एक डबा, मूठभर ब्राउन शुगर, मीठ, मिरी, आणि चीज हात सैल सोडून. खिमा कांद्याबरोबर चांगला तांबूस परतायचा, त्यात टोमॅटो सूप आणि साखर. नूडल्स उकडून चिकन सूपमध्ये कालवायच्या. मग ट्रेला लोणी लावून नूडल्स, खिमा, चीज, परत नूडल्स, खिमा, चीज. ३५० डिग्री फॅरेनहाइटवर अर्धा तास, कडा बुडबुडायला लागेपर्यंत.

नूडल्स उकडायचं काम माझ्याकडे होतं. दुसरं पातेलं मी आपल्या सवयीने पूर्ण शिजू दिलं आणि काकूंनी एक नूडल बोटाने दाबून बघितली, मान हलवली. ओव्हनमध्ये ती सूप पिते, म्हणून पाण्यातून जरा कच्चीच काढायची, नाहीतर वाढताना लगदा होतो. ते पातेलं बाजूला ठेवलं, त्यात लोणी आणि मीठ घालून पोरांना दुपारी दिलं, काही वाया गेलं नाही. पुढची पातेली मी घड्याळाकडे न बघता बोटाने दाबून काढली.

मी बीफ खात नाही हे काकूंना आधीपासून माहीत होतं. सकाळी त्या काही न बोलता तळघरात गेल्या आणि घरी प्रेशर लावून बंद केलेल्या चिकनच्या दोन बरण्या घेऊन आल्या. एक ट्रे त्याचा लावला, त्यात वर थोडे मटार. मी नको नको म्हणत होते तर म्हणाल्या, "जी रांधते तिने उपाशी राहायचं का?"

एका ओव्हनमध्ये दोनच ट्रे मावतात, म्हणून दुपारी थर लावून झालेले ट्रे शेजारच्या घरांत गेले, टट्टूच्या गाडीतून, पोरं धरून बसलेली. चारच्या सुमारास तेच ट्रे जुन्या टॉवेलांत गुंडाळून पिकनिकच्या कूलरमध्ये बंद होऊन परत आले, तासाभराने उघडले तरी हात लावता येत नव्हता इतके गरम.

जेवण एका फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये होतं. मशिनरी भिंतीला सरकवलेली, लाकडाच्या भुशाचा वास, आणि चर्चच्या बेंचांची गाडी आलेली. त्यांचं चर्च म्हणजे इमारत नसते, दर पंधरा दिवसांनी कुणाच्या तरी घरी प्रार्थना, आणि बेंच या घरून त्या घरी फिरतात. आज तेच जेवायला. "कुम एसे" अशी हाक आली, म्हणजे या जेवायला, आणि सगळे बसले. मग एकदम शांतता. कुणी मोठ्याने काही म्हणत नाही, तीनशेच्या आसपास माणसं डोकं खाली घालून गप्प, तान्ही पोरंसुद्धा, फक्त बाहेर घोड्यांच्या साजाचा आवाज. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मान वर केली आणि चमचे वाजायला लागले.

वाढायला आम्ही बायका आणि तरणी पोरं. युमासेट्टी, ब्रेड, पीनट बटर आणि मार्शमेलो क्रीम कालवून केलेलं ते त्यांचं गोड स्प्रेड, बीट, कोलस्लॉ, खजुराचं पुडिंग आणि पाई. मी माझ्या ट्रेतला कोपरा घेतला. कडेला चीज जळून कुरकुरीत, आत मऊ, आणि त्या साखरेमुळे टोमॅटोला एक गोडूस चव, आमटीत गूळ घालणाऱ्या माणसाला ती लगेच कळते. बाळाची आई कोपऱ्यात बसून होती, बाळ मांडीवर झोपलेलं. प्रत्येक बाई येता जाता तिच्या खांद्यावर हात ठेवून जात होती, बोलत फारसं कुणी नव्हतं. फोटो मी एकही काढला नाही, त्यांना चेहऱ्याचे फोटो आवडत नाहीत.

भांडी घासताना बघितलं तर प्रत्येक ट्रेच्या बुडाला कागदी टेपची पट्टी आणि त्यावर पेनने घरचं नाव, ज्याचा ट्रे त्याला परत मिळावा म्हणून. आमच्या घरी आईच्या सगळ्या पातेल्यांवर, पराती-डावांवर दुकानदाराने टोचून नाव घातलेलं आहे, गल्लीत लग्न निघालं की ती भांडी फिरायची आणि नाव बघून घरी यायची. मी काकूंना ते सांगितलं. स्टीलवर कोरतात म्हटल्यावर त्यांनी मला ते दोनदा विचारून घेतलं.

निघताना चिकनचा उरलेला अर्धा ट्रे त्यांनी फॉइल लावून माझ्या हातात दिला, ट्रेसकट. तो ट्रे आता माझ्या ओट्यावर आहे, धुऊन पुसून, बुडाला त्यांच्या नावाची पट्टी. रिकामं भांडं परत द्यायचं नाही हे आईने लहानपणापासून सांगितलेलं, आणि दिवाळी तोंडावर आलीय, तर येत्या शनिवारी बेसनाचे लाडू भरून परत रूट ६२.