नाकासमोर चालणारी खारी

हाक मारली की आमची खारी कान हलवते. म्हणजे ऐकू येतं बरं का. पण जिन्यात काल रात्री कुणीतरी बिर्याणीचं पार्सल टेकवलेलं असतं आणि त्या फरशीचा तपास पुरा झाल्याखेरीज बाईसाहेब हलणार नसतात.

खारी बीगल आहे. लेकीने हट्टाने आणली, पुढे लेक नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि कुत्री आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये राहिली. डोकं आणि कान खारी बिस्किटाच्या रंगाचे, म्हणून खारी. सासूबाई तिला भवानी म्हणतात.

माझं माहेर जत तालुक्यातलं. तिकडे वस्तीवर कारवानी कुत्री असायची. लांब पाय, खपाटीला गेलेलं पोट. ससा दिसला की सुटायची, दिसेनासा झाला की परत यायची. डोळ्याने शिकार करणारी जात ती. बीगलही सशामागचीच, पण इंग्लंडातली आणि नाकाने माग काढणारी. ससा समोर नसला तरी तिचं काही अडत नाही. तो ज्या गवतातून गेला ते गवत पुरतं. टोळीने माग धरायचा, तासन् तास सोडायचा नाही, आणि मागून पायी येणाऱ्या शिकाऱ्यांना लांबून कळावं म्हणून हेल काढून ओरडायचं. उंच गवतात दिसावं म्हणून शेपटीचं टोक पांढरं. पिढ्यान् पिढ्या असंच निवडून वाढवलेलं जनावर आपण दोन खोल्यांत आणून ठेवतो आणि मग म्हणतो, ऐकत नाही हो!

माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५० लाखांच्या आसपास धरतात, बीगलच्या २२ कोटींच्या घरात. आकडे वाचून मला काही बोध झाला नव्हता. तो झाला म्हातोबाच्या टेकडीवर, उकिडवं बसून तिचं तोंड जवळून बघताना. हुंगताना ती श्वास आत घेते पुढून, सोडते मात्र नाकपुडीच्या कडेच्या चिरेतून. त्यामुळे समोरचा वास उडून जात नाही. जमीन कोरडी होती, तिच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना मातीची बारीक फुंकर उडत होती आणि मधली माती जागची हलत नव्हती. तेव्हापासून मी फिरताना घड्याळातली पावलं मोजणं सोडून दिलं. तिला झपाझप चालवून आणलं तर घरी येऊन सोफ्याचे कोपरे कुरतडते. एकाच बाभळीच्या बुंध्याशी पोटभर हुंगू दिलं तर दुपारभर घोरते. ओलसर सकाळी वास जमिनीलगत टिकतो, त्यामुळे पावसाळ्यात आमची फेरी लांबते. मे महिन्यात उन्हं तापायच्या आत परत. डांबरावर हाताची मागची बाजू पाचसात सेकंद ठेवून बघायची. आपल्याला सोसवत नसेल तर तिच्या तळव्यांनाही सोसणार नाही.

दोरी मात्र सोडायची नाही. बाकी सगळ्या सवयी लागल्या, पण मुंगसाचा माग लागल्यावर हाकेला परत येणारी बीगल मी अजून पाहिलेली नाही. गळ्यातला पट्टा नाही, छातीचा हार्नेस, कारण ही सगळ्या ताकदीनिशी ओढते. मोकळ्या जागी लांब दोरी. टेकडीवर मोर आहेत, ससे आहेत, त्यांनाही जगायचंय.

सगळ्यात जास्त काम कानांचं. लोंबते कान, आत वारा नाही, आणि आपल्याकडचा जुलै! आधी वास बदलतो. आंबूस, शिळ्या पिठासारखा वास आला आणि ती पायाने कान खाजवायला लागली की डॉक्टर. एरवी आठवड्यातून एकदा सफाई. कान उलटा धरायचा, डॉक्टरांनी दिलेलं औषध आत सोडायचं, मुळाशी हलक्या हाताने चोळायचं. पचक पचक आवाज आला की ते खोलवर पोचलं. मग हात काढायचा आणि चटकन मागे सरकायचं, कारण ती मान झाडते आणि आतला मळ भिंतीवर येतो. उरलेलं कापसाने, बोट जाईल तिथपर्यंतच. कानकाडी अजिबात नाही. कान उघडलेलाच असतो तेव्हा कडेला गोचीड आहे का तेही बघून घ्यायचं. गोचिडीचा ताप कुत्र्याला पार झोपवतो.

खाण्याबद्दल काय बोलावं! बीगलला पोट भरल्याचं कळतच नाही, असं माझं ठाम मत आहे. डॉक्टरांची परीक्षा सोपी आहे: बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला की लागल्या पाहिजेत. आमच्याकडे त्या मध्यंतरी लागेनाशा झाल्या होत्या. चौकशीअंती निघालं की सासूबाई गुपचूप तुपाची पोळी देतात. "जनावर तोंडाकडे बघत बसलं तर आपल्याला घास उतरतो का गं?" आता त्यांच्या हातात गाजराचे तुकडे दिलेत. त्या ते स्टीलच्या वाट्यांखाली लपवतात, जुन्या टॉवेलच्या घड्यांत गुंडाळतात, तुळशीच्या कुंडीमागे ठेवतात आणि म्हणतात, "शोध भवानी." खारी खोलीत शिरते, एकदा नाक वर करते आणि कामाला लागते. वीस मिनिटं अशी गेली की टेकडीवरच्या फेरीइतकी दमते.

या नाकाला नोकरीही मिळते. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९८४ साली लॉस एंजेलिसच्या विमानतळावर बीगल कामाला लावली, प्रवाशांच्या सामानातली फळं आणि मांस हुडकायला. भुंकायचं नाही, बॅगेशेजारी गप बसायचं. माझ्या चुलत नणंदेचे हापूस अशाच एकीने पकडून दिले. नणंद अजून त्या कुत्रीला शिव्या घालते.

आमची गप्प बसणारी नाही. एकटी राहिली की हेल काढते आणि तो पार सोसायटीच्या गेटपर्यंत जातो. टोळीतलं जनावर आहे, एकटेपणा तिला सोसत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला होता. आम्ही घर रिकामं न ठेवायचं ठरवलं, लग्नंमुंजी वाटून घेतो.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. दिवाळीत शेजारून आलेला फराळाचा डबा तिने खुर्चीवर चढून पाडला, आणि लाडवांत बेदाणे होते. बेदाणे, मनुका, द्राक्षं यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि कितीने होतील ते आधी सांगता येत नाही. घरगुती उपाय करत न बसता रिक्षा केली. डॉक्टरांनी लगेच उलटी करवली, सलाईन लावलं, रक्त तपासलं. वाचली. घरी आल्यावर पहिलं काम काय केलं असेल? सरळ स्वयंपाकघरात गेली आणि जिथे डबा पडला होता ती फरशी चाटून बघितली. फराळ तेव्हापासून माळ्यावर असतो, आणि चकली हवी झाली की सासूबाई मला शिडी धरायला लावतात.