जुना शेणखत स्प्रेडर: खरेदी आणि पहिली दुरुस्ती

कळमेश्वरकडील आमच्या लहानशा वावरासाठी जुना शेणखत स्प्रेडर, म्हणजे वावरात शेणखत पसरवणारे यंत्र, अखेर घेतला. मागे खत फोडून फेकणारे दोन आडवे बीटर, डाल्याच्या (खत भरायच्या पेटीच्या) तळाशी खत मागे नेणारी सरकती साखळी (दोन्ही बाजूंना एकेक, मध्ये आडव्या पट्ट्या) आणि मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, चालणारी रचना, असे हे साधे यंत्र आहे. डाल्यात सुमारे दोन घनमीटर खत मावते. ओलसर, कुजलेले शेणखत भरल्यास तेवढ्याचेच वजन टनाच्या पुढे जाते, त्यामुळे ३५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरसाठी याहून मोठा डाला पाहण्यात अर्थ नव्हता.

विक्रेत्याने यंत्राला ताजा रंग दिला होता. माझ्या मते जुन्या स्प्रेडरचा रंग पाहूच नये. डाल्याच्या कोपऱ्यांत घट्ट बसलेले वाळके शेण खरवडून त्याखालचा पत्रा पाहावा, कारण शेणखतातील ओलावा, क्षार आणि अमोनिया लोखंडाला नेमके तिथेच खातात. हातोडीने हलके ठोकत गेल्यावर मागच्या टोकाचा आवाज बोदा आला आणि एका जागी पत्र्याला भोक पडले. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे साखळी. दोन्ही बाजूंच्या दहा-दहा कड्यांची लांबी ताणून मोजली असता डावी बाजू स्पष्टपणे लांब भरली. अशा असमान झिजेमुळे आडव्या पट्ट्या तिरक्या सरकतात, वाकतात आणि शेवटी चाकाच्या दात्यांवरून साखळी उतरते. म्हणून एकच बाजू बदलून भागत नाही. जोडी बदलावी लागते. तो खर्च विक्रेत्यासमोर मांडून सांगितलेल्या किमतीतून वजा करून घेतला.

आणखी एक खूण सर्वांनी ध्यानात ठेवावी. शिअर बोल्टच्या (जास्त जोर आल्यास मुद्दाम तुटणाऱ्या मऊ बोल्टच्या) जागी कुणीतरी कडक बोल्ट ठोकला होता. बीटरमध्ये दगड अडकला की मऊ बोल्ट तुटून गियरबॉक्स वाचायला हवा. कडक बोल्ट असेल तर झटका थेट दात्यांना बसतो. त्यामुळे गियरबॉक्सचे झाकण उघडून दाते तपासल्याशिवाय व्यवहार केला नाही. दाते शाबूत होते, तेल मात्र काळेभोर आणि चिकट झाले होते.

आजवर तेल आणि बीटरची बेअरिंगे बदलली, योग्य शिअर बोल्ट बसवला आणि हिंगणा एमआयडीसीतील एका वर्कशॉपमधून तळाला नवा पत्रा वेल्ड करून आणला. साखळीची जोडी यायची आहे. पीटीओ शाफ्टवरचे संरक्षक नळकांडे फुटलेले असल्याने ते मिळेपर्यंत यंत्र ट्रॅक्टरला जोडणार नाही. फिरत्या शाफ्टमध्ये दुपट्ट्याचे टोक गुंतले तरी माणूस आत ओढला जातो.

संत्र्याच्या बागेत मात्र हे यंत्र नेण्याचा विचार नाही. तिथे खत झाडाच्या घेरात, बुंध्यापासून दूर द्यावे लागते. बुंध्याशी ओले खत साचले तर डिंक्या रोगाला (बुंध्यातून डिंक गळतो तो) आमंत्रणच मिळते. कपाशी-तुरीच्या वावरात पावसाळ्यापूर्वी, शेवटच्या वखरणीच्या आधी, पहिली चाचणी घेईन. दोन मीटर लांब-रुंद ताडपत्री अंथरून तीवरून यंत्र न्यायचे आणि पडलेले खत तोलायचे: चार चौरस मीटरवर पाच किलो पडले, तर एकरी सुमारे पाच टन. हा आकडा पाहून साखळीची गती आणि ट्रॅक्टरचा गियर ठरवता येईल.