दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत

माझी पहिली स्कूटर मी माहितीपत्रकातले आकडे पाहून घेतली होती. इंजिनाची ताकद, लिटरमागे मिळणारे किलोमीटर आणि डिकीत मावणारे सामान यांची तुलना करण्यात मी तीन आठवडे घालवले. प्रत्यक्ष गाडीवर बसून पाहिले ते जेमतेम दोन मिनिटे. गाडी घरी आणल्यावर पाचव्याच दिवशी, आई मागे बसलेली असताना, एका उतारावर थांबावे लागले. पाय टेकवायला गेलो तर नुसता चवडा टेकला, गाडी कलली, आणि शंभर किलोंहून अधिक वजनाचे ते धूड मला सावरता आले नाही. आईच्या गुडघ्याला खरचटण्यावर निभावले. पण त्यानंतर महिनाभर ती माझ्या मागे बसायला तयार नव्हती. अलीकडे दुसरी स्कूटर घेतली, तेव्हा म्हणूनच मी शोधाची सुरुवात सीटपासून केली.

सीटची उंची मिलिमीटरमध्ये छापलेली असते, पण तो आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. सीट पुढच्या बाजूला रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय तेवढे आखूड पडतात; त्यामुळे कागदावर बुटकी असलेली गाडीही बसल्यावर उंच वाटू शकते. रोज वापरतो तीच पादत्राणे घालून जावे, गाडीवर बसून दोन्ही टाचा टेकतात का ते पाहावे, मग मागे माणूस बसवून पुन्हा पाहावे. गाडी मेन स्टँडवर लावून खाली उतरवावी आणि इंजिन बंद ठेवून दहा पावले मागे ढकलावी. ही दहा पावले मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात, कारण गाडी रोज कुठेतरी लावायची आणि बाहेर काढायची असते. ज्यांना मागे बसायचे आहे त्यांनाही सोबत न्यावे. पाय ठेवायची जागा फार वर असेल, तर दुखरे गुडघे असलेल्या माणसाला दहा मिनिटांतच त्रास सुरू होतो.

स्कूटर अगदी कमी वेगात का डगमगते, याचे उत्तर तिच्या रचनेत आहे. गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये दोन पुलींवरून एक पट्टा फिरतो. वेग वाढला की पुढच्या पुलीतले रोलर बाहेरच्या दिशेला सरकतात, पुलीच्या दोन बाजू जवळ येतात, पट्टा वर चढतो आणि गिअर आपोआप बदलत जातो. मागचा क्लचही वेगावरच अवलंबून असतो. इंजिनाचे फेरे कमी झाले की तो सुटतो आणि चाकाकडे जाणारी ताकद तुटते. म्हणून गर्दीतून चालीच्या वेगाने जाताना किंचित ॲक्सिलरेटर देऊन मागचा ब्रेक हलका दाबून ठेवावा लागतो. चाचणीच्या फेरीत मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन पाहण्याची हौस सगळ्यांनाच असते, पण मी सांगेन की आठाच्या आकड्यात अगदी हळू चालवून पाहा. पिकअपपेक्षा या एका चाचणीने गाडीचा तोल अधिक कळतो.

चाकांकडेही असेच नीट लक्ष द्यावे. १९४६ साली पियाजिओ या इटालियन कंपनीने बाजारात आणलेल्या पहिल्या व्हेस्पा स्कूटरची चाके आठ इंचांची होती. कोराडिनो दास्कानियो या विमान अभियंत्याने ती गाडी रेखली होती. आजच्या स्कूटरना बहुधा १० किंवा १२ इंची चाके असतात. लहान चाक खड्ड्यात अधिक खोल उतरते, आणि बहुतेक स्कूटरमध्ये इंजिन मागच्या चाकाबरोबरच वर-खाली होत असल्यामुळे मागचा धक्का जास्त जाणवतो. रस्ते खराब असतील तर पुढचे चाक १२ इंची असलेली गाडी घ्यावी, मग डिकी थोडी लहान मिळाली तरी चालेल. ब्रेकच्या बाबतीत मात्र मी तडजोड करत नाही. पुढे डिस्क ब्रेक हवा, आणि एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पर्याय मिळत असेल तर तोच घ्यावा.

विजेवर चालणारी स्कूटर घ्यायची असेल तर बॅटरीची क्षमता विचारून हिशोब स्वतः करावा. तीन किलोवॉट-तासांची, म्हणजे तीन हजार वॉट-तासांची, बॅटरी असेल आणि किलोमीटरला तीस वॉट-तास लागत असतील, तर शंभर किलोमीटर होतात. वेग, चढ, थंडी आणि मागचा माणूस यांनी हा आकडा कमीच होतो. रात्री चार्जिंगची सोय हक्काची नसेल, तर माझा सल्ला पेट्रोलच्या गाडीचाच आहे.

पैसे भरून झाल्यावर माणूस सैल पडतो, आणि नेमके तेव्हाच डोळे उघडे ठेवावे लागतात. मी गाडी घ्यायला गेलो तेव्हा गुडघ्यावर बसून टायरच्या कडेवरचे चार अंक वाचले. त्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष. पुढचा टायर चार महिन्यांपूर्वीचा होता, मागचा मात्र जवळपास तीन वर्षांपूर्वीचा. नव्या गाडीला असा टायर का, असे विचारल्यावर विक्रेत्याने आधी टोलवाटोलवी केली. मी ताब्याच्या कागदावर सही केली नाही, तेव्हा दोन दिवसांत टायर बदलून मिळाला. त्याच वेळी चासी क्रमांक कागदांशी ताडून पाहिला, दिवे आणि हॉर्न तपासले, दोन्ही किल्ल्या डिकीच्या कुलपाला लावून पाहिल्या. टायर बदलल्यावर गाडी घ्यायला गेलो, तेव्हा आईला सोबत नेले होते. ती मागे बसली, मी दोन्ही पाय पूर्ण टेकवून गाडी क्षणभर तशीच उभी धरली, आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवल्यावरच इंजिन चालू केले.