पुनाखाच्या दारातले पांढरे उपरणे

भूतानच्या पाच रात्रींपैकी थिंफू आणि पारोबद्दल मला फारसे लिहायचे नाही. तक्त्सांग मठाच्या चढावर इतकी गर्दी होती की मठापेक्षा पुढच्या माणसाचे बूटच अधिक लक्षात राहिले. मला लिहायचे आहे ते पुनाखाच्या झाँगविषयी, म्हणजे तिथल्या गढीविषयी, आणि आमच्या वाटाड्याने तिच्या दारात खांद्यावर घेतलेल्या पांढऱ्या उपरण्याविषयी.

थिंफूहून निघाल्यावर सुमारे ३,१०० मीटर उंचीची दोचुला खिंड लागते. गंगखर पुएनसुम हे ७,५७० मीटर उंचीचे, आजवर कोणीही सर न केलेले शिखर तिथून दिसेल अशी आशा होती, पण ढगांनी काहीच दिसू दिले नाही. खिंडीनंतर रस्ता जवळजवळ दोन हजार मीटर खाली उतरतो आणि थंडीत काकडणाऱ्या झाडीतून आपण भातखाचरांत आणि केळींत येऊन पोहोचतो. फो छू आणि मो छू, म्हणजे नर आणि मादी नदी, यांच्या संगमावर १६३७ साली भूतान एकत्र आणणारे धर्मगुरू-राज्यकर्ते झाब्द्रुंग न्गावांग नामग्याल यांनी ही गढी बांधली. १९९४ साली वरचे हिमसरोवर फुटून आलेल्या पुराचा तडाखाही तिने सोसला आहे.

लाकडी पुलाजवळ वाटाड्याने गाडीतून घडी केलेले उपरणे काढले. त्याला ते लोक काबने म्हणतात. डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे तो ते घेत होता. एकदा नेसून झाल्यावर पदराच्या दशा सारख्या नाहीत असे त्याच्या लक्षात आले, तेव्हा त्याने सगळे सोडून पुन्हा पहिल्यापासून नेसले. सामान्य नागरिकाचे पांढरे, खासदाराचे निळे, न्यायाधीशाचे हिरवे, मंत्र्याचे नारिंगी आणि राजाचे पिवळे, असे त्याने आम्हाला सांगितले. आत गेल्यावर उपरण्याच्या या काळजीचे कारण कळले. देऊळ, भिक्षूंचा मठ आणि जिल्ह्याची कलेक्टर कचेरी एकाच वाड्यात नांदत होती. एका चौकात लहान भिक्षू धावत होते, तर दुसऱ्या चौकात हातात कागद घेतलेला एक म्हातारा कचेरीच्या दारासमोर थांबून आपल्या उपरण्याच्या दशा बोटांनी सारख्या करत होता. सरकारपुढे जाताना देवासमोर जाण्याइतकी काळजी घेणारा माणूस मी यापूर्वी पाहिलेला नव्हता.

इथेच १९०७ साली पहिल्या राजाचा राज्याभिषेक झाला. चौथ्या राजांनी स्वतःहून लोकशाही आणली, २००६ साली गादी मुलाला दिली आणि २००८ साली पहिली निवडणूक होऊन संविधान लागू झाले. त्यात राजाने पासष्टाव्या वर्षी निवृत्त व्हावे आणि देशाची साठ टक्के जमीन सदैव जंगलाखाली राहावी, असे लिहिलेले आहे. वाटाड्याच्या घरातली वडीलधारी मंडळी तेव्हा रडली होती. राजा असताना निवडणूक कशाला, असे त्यांचे म्हणणे होते. तो स्वतः मतदान करतो, पण त्याच मठातल्या त्याच्या धाकट्या भावाला मत नाही, कारण धर्माने राजकारणाच्या वर राहावे असा तिथला नियम आहे. हे त्याने कुरकूर न करता सांगितले.

भारतीयांना माणशी प्रत्येक रात्रीचे १,२०० रुपये सरकारी पर्यटन शुल्क पडते. आम्हा चौघांचे पाच रात्रींचे चोवीस हजार भरताना मी बरीच चडफडले होते. त्या चौकात बसल्यावर ती रक्कम मला डाचेनाशी झाली.

दुसरी एक गोष्ट मात्र डाचत राहिली. हाच वेष आणि हेच शिष्टाचार १९८९ पासून दक्षिणेतल्या नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा लोकांवरही सक्तीने लादले गेले. त्यानंतरच्या काही वर्षांत नागरिकत्व गमावून किंवा हाकलले जाऊन सुमारे एक लाख माणसे नेपाळच्या छावण्यांत पोहोचली आणि पुढे त्यांतली बहुतेक अमेरिकेसारख्या परक्या देशांत वसली. उत्पन्नापेक्षा लोकांचा आनंद मोजणारा देश म्हणून भूतानची वाखाणणी करताना आपल्याकडचे लोक हे क्वचितच सांगतात. वाटाड्याला त्याविषयी विचारावे असे परतीच्या वाटेवर दोनदा मनात आले, पण मी विचारले नाही. विचारायला हवे होते, असे मला आजही वाटते.

पूल ओलांडल्यावर त्याने उपरणे काढले, दशा आत घेऊन त्याची चौघडी केली आणि ते माझ्या सासूबाईंच्या शेजारच्या आसनावर ठेवत, माताजी, यावर काही ठेवू नका, असे हिंदीत सांगितले. पारोला पोहोचेपर्यंत सासूबाईंनी ते मांडीवर धरून ठेवले होते.