परभणीला कड, इन्व्हर्टरला तोंड

परभणी आकाशवाणी १३०५ किलोहर्ट्‌झवर, म्हणजे तिची एकेक लहर सुमारे २३० मीटर लांब; ती नीट पकडायला तारही लांब असलेली बरी. आमची लातूरची भाड्याची खोली दहा बाय बाराची, आणि गच्चीवर तार बांधायला घरमालकांची ना. पूर्वी घरोघरी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची एरियल-पट्टी ताणलेली असायची. पण ती सगळंच गोळा करते; गाण्याबरोबर शेजारच्या इन्व्हर्टरची घरघरसुद्धा.

म्हणून लूप, म्हणजे वेढ्यांची एरियल. दोन फुटी चौरस लाकडी चौकट, तिच्यावर तांब्याच्या तारेचे दहा वेढे आणि तारेच्या टोकांना जुन्या रेडिओतला गँग, म्हणजे स्टेशन लावायचा फिरता कपॅसिटर. तारेची ददात आमच्याकडे नाही. व्होल्टेज पडलं की शेतावरच्या मोटारी जळायच्याच, त्यामुळे रिवाइंडिंगची दुकानं जागोजाग. दुकानदार तार वजनावर देतो. मी पंचवीस मीटर मागितली तर त्यानं विचारलं, "किती एचपीची मोटार?"

वेढे घालत बसलो होतो तेव्हा शेजारच्या मावशी दारातूनच म्हणाल्या, "बाज विणायलास का? लई बारकी झाली की."

बाजेसारखीच तार ताठ हवी, आणि दोन वेढ्यांत पाच-सहा मिलिमीटर जागाही. वेढे चिकटले तर बँडच्या वरच्या टोकाची स्टेशनं हाती लागत नाहीत. टोकांचं वार्निश खरवडायचं, नाहीतर गँगशी संबंधच जुळत नाही. रेडिओला मात्र काहीच जोडायचं नाही. ट्रान्झिस्टर चौकटीशेजारी ठेवायचा नि गँग हळूहळू फिरवायचा. एका जागी आवाज असा उसळतो की आपणच दचकतो.

पण लूपची खरी करामत न ऐकण्यात आहे. चौकटीच्या कडेच्या रेषेतलं तिला खणखणीत ऐकू येतं. सपाट बाजूसमोरचं जवळजवळ नाही. ऐकण्याची दिशा ढोबळ, बहिरेपणाची मात्र फार नेमकी. चौकट जराशी कलली की घरघर परत. परभणी लातूरच्या उत्तरेला, इन्व्हर्टर पश्चिमेच्या भिंतीपलीकडे. म्हणजे जिला ऐकायचं तिला कड दाखवायची आणि ज्याला गप्प करायचं त्याच्याकडे तोंड करून बसायचं! वायरिंगमधून पसरलेली थोडी कुरकुर उरते, तेवढी चालते.

पंचाईत होते ती पुण्याची. पुणे आकाशवाणी ७९२ किलोहर्ट्‌झवर, ती रात्री बरी लागते, कारण सूर्य मावळला की आकाशातला मध्यम लहरी गिळणारा डी थर विरतो आणि लांबची स्टेशनं वरून परतून येतात. पण पुणं पश्चिमेला आणि इन्व्हर्टरही पश्चिमेलाच. लूपला रेषा कळते. त्या रेषेवर जवळ कोण, लांब कोण, हे कळत नाही. लाइट गेली की इन्व्हर्टर घरघरतो, आली की चार्जिंगला लागून घरघरतो. पुण्यासाठी मी हल्ली मोबाइलच काढतो. परभणीही लागते त्यावर, पण ती चौकटीवरच ऐकायची.