कोणत्या दिवसाची वाघीण?

वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, हा शब्द आमच्या लातुरात वर्तमानपत्रातच वाचायचा. मालधक्क्यावर कुणी वाघीण म्हणत नसे, सगळे डबाच म्हणत. अण्णा अजूनही डबाच म्हणतात. मला मात्र 'वॅगन'ची वाघीण करून टाकणाऱ्या माणसाचं फार कौतुक वाटतं. दीड वर्ष माझ्या टेबलावर जी बसून आहे ती वाघीणच आहे. बार्शी लाइट या जुन्या छोट्या रेल्वेच्या बंद डब्याचं मॉडेल, १:४८ प्रमाणात, लांबी जेमतेम १५९ मिलिमीटर.

मी आयटीआयमध्ये मशीन ड्रॉइंग शिकवते. अण्णा म्हणजे माझे वडील. लातूरच्या मालधक्क्यावर ते हमाल होते, १९६३ साली अठराव्या वर्षी कामाला लागले. गंजातल्या, म्हणजे बाजारपेठेतल्या, आडतीवरून बैलगाडीनं आलेलं पोतं पाठीवर घ्यायचं आणि डब्यात नेऊन थप्पी लावायची, हे त्यांनी किती हजार वेळा केलं असेल याचा हिशेब नाही. आमचं घर त्या डब्यांवर चाललं. म्हणून मॉडेल करायचं ठरवलं तेव्हा इंजिनाचा विचारही मनात आला नाही.

बार्शी लाइट ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी ती सुरू झाली. १९११ मध्ये लातूरला पोचली, १९२७ मध्ये दुसऱ्या टोकानं मिरजेला. ती बांधणारा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. (पुढे या माणसानं वैमानिकांसाठी 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट तयार केलं. वजन आणि भार याच गोष्टी त्याच्या डोक्यात आयुष्यभर असणार.) त्यानं ठरवलं की इंजिन असो, प्रवासी डबा असो की वाघीण, कुठल्याही ॲक्सलवर (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर) पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. तसं केलं तर एका यार्ड लांबीला ३० पौंड भरणारा हलका रूळ पुरतो. आजच्या मापात तो मीटरला साधारण १५ किलो होतो. आता लातूरवरून ब्रॉडगेज धावते. मोठ्या मार्गांवर आज जो रूळ वापरतात तो मीटरला ६० किलोचा असतो. चौपट फरक!

चार ॲक्सलची वाघीण म्हणजे भरून २० टन. त्यातून डब्याचं स्वतःचं वजन वजा केलं की उरतो तो माल. डब्याचं वजन एक टनानं घटवलं तर प्रत्येक फेरीला शंभर किलोची दहा पोती जास्त जातात. म्हणून कॅलथ्रॉपनं डब्याखालच्या चौकटी लीड्स फोर्ज कंपनीकडून दाबीव पोलादाच्या करून घेतल्या. अँगल आणि पट्ट्या रिव्हेटनं जोडत बसण्याऐवजी जाड पत्रा हायड्रॉलिक प्रेसमध्ये दाबून त्याच्या कडाच वळवायच्या. वर्गात मी हे पोस्टकार्डानं दाखवते. सपाट पोस्टकार्ड दोन बोटांवर ठेवलं तर वाकतं, दोन्ही लांब कडा दुमडल्या तर त्यावर खडूची पेटी उभी राहते. मालाच्या सगळ्या डब्यांना खाली चौकट एकच, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद.

हा २५ चा आकडा मला सुरुवातीला माहीत नव्हता. त्याची किंमत दोन महिने.

एका संग्राहकानं मला वाघिणीच्या आराखड्याची प्रत पाठवली होती, फुटाला अर्धा इंच प्रमाणाची. ती खराब होऊ नये म्हणून मी तिची झेरॉक्स काढून घेतली आणि मूळ प्रत परत पाठवून दिली. झेरॉक्सवर चौकट मोजली तर बरोबर १२ इंच. म्हणजे २४ फूट. इतका गोळीबंद आकडा आल्यावर शंका कशाला येईल? मी प्लास्टिक शीट कापली, चौकट जोडली, दोन्ही बाजू उभ्या केल्या, छताला गोलाई दिली. मग एके दिवशी वाचनात आलं की बार्शी लाइटच्या चौकटी २५ फुटांच्या होत्या. आता खरं कोण, पुस्तक की कागद?

रात्री आराखड्यातलं शेवटचं चित्र समोर घेतलं, डबा समोरून दिसतो ते. त्यात दोन चाकांखाली रूळ दाखवले होते. रुळांमधलं अंतर अडीच फूट, त्याबद्दल वाद असूच शकत नाही. फुटाला अर्धा इंच म्हणजे कागदावर ते सव्वा इंच भरायला हवं, ३१.७५ मिलिमीटर. व्हर्नियर लावला. ३०.५ भरलं. पुन्हा लावला, पुन्हा ३०.५. झेरॉक्स मशीन ९६ टक्क्यांवर होतं. कागदाची कड कापली जाऊ नये म्हणून दुकानात कुणीतरी ते बटण दाबलं असणार. २५ फुटांच्या ९६ टक्के म्हणजे बरोबर २४.

ती चौकट मी मोडली. तेव्हापासून कुठलाही आराखडा हातात आला की आधी रुळांमधलं अंतर मोजते, बाकीचं नंतर. आणि कॅलथ्रॉपनं चौकट रुळांच्या अंतराच्या नेमकी दहापट ठेवली आहे. अडीच फूट आणि पंचवीस फूट. माझ्यासाठी तर त्यानं पट्टीच ठेवून दिली.

इथं एक कबुलीही देऊन टाकते. १:४८ मध्ये ७६२ मिलिमीटरचे १५.९ होतात आणि माझा रूळ १६.५ चा आहे, कारण त्या मापाची चाकं आणि रूळ तयार मिळतात. खऱ्या मापात हा फरक ३० मिलिमीटरचा. हे मला माहीत आहे आणि मी ते चालवून घेतलं आहे. चौकट मात्र चालवून घेतली नसती.

फोटोंचं वेगळंच. बार्शी लाइटचे फोटो आहेत, पण ते इंजिनाचे. फोटो काढणारा इंजिनासमोर उभा राहतो, त्याच्या मागची पहिली वाघीण अर्धी येते, दुसरी धुरात आणि तिसरी कागदाबाहेर. मी त्या अर्ध्या वाघिणींवर काम करते. फोटो मोठा छापायचा आणि वाघिणीच्या बाजूचे चार कोपरे पेन्सिलनं पक्के करायचे. फोटोत ती बाजू तिरपी आणि दूर जाताना निमुळती दिसते, तिथं पट्टी लावून मधला बिंदू निघत नाही. पण समोरासमोरचे कोपरे जोडले की दोन कर्ण जिथं छेदतात तो बाजूचा खरा मध्य, कितीही तिरपा फोटो असला तरी. दार मध्यावर आहे की सरकलेलं, हे असं कळतं. प्रत्येक अर्ध्यात पुन्हा कर्ण काढले की पाव मिळतो. शेवटी फोटोवर कोळ्याचं जाळं तयार होतं आणि त्या जाळ्यातून दाराची रुंदी, कडीची उंची, उभ्या पट्ट्या एकेक करून बाहेर येतात. माझ्या वर्गातल्या मुलांना पर्स्पेक्टिव्हचा तास रटाळ वाटायचा. त्यांच्यापुढे हा फोटो ठेवला तर सुट्टीची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

रंगाच्या बाबतीत मात्र जुन्या फोटोवर विसंबू नये. कॅमेऱ्यातल्या जुन्या काचांना आणि फिल्मना लाल रंग दिसतच नसे, तो काळा यायचा आणि निळा फिका पडायचा. फोटोतली काळी वाघीण लालही असू शकते.

रंग मला लातूरजवळच्या मुरुडच्या बाजूला एका शेतात मिळाला. विहिरीवर झाकण म्हणून लोखंडी पत्रा टाकलेला होता, कडेला रिव्हेटच्या भोकांची रांग आणि सील लावायच्या कडीचा अर्धा तुकडा. शेतकऱ्याच्या वडिलांनी तो भंगारातून आणलेला. मी परवानगी घेऊन बसले. हाताच्या पंजाएवढी जागा पाण्यानं धुतली, बारीक पॉलिश पेपर ओला करून अगदी हळू गोल फिरवत गेले. आधी गंज. मग चॉकलेटीकडे झुकलेला लाल. त्याखाली भडक शेंदरी. शेंदरी बघून हुरळून जायचं कारण नाही, तो गंज लागू नये म्हणून दिलेला खालचा हात. डबा धावला तो चॉकलेटीत. मग सूर्य खाली आला आणि तिरप्या उजेडात पत्र्यावर एक आडवी उठावाची रेघ दिसली, बोटाला लागेल न लागेल इतकी. तिच्यातून खाली एक दांडी उतरलेली. शिरोरेषा! इंग्रजी शब्दाला डोक्यावरून अशी सलग रेघ नसते. कंपनीची अक्षरं इंग्रजी. ही रेघ म्हणजे सरकारनं १ जानेवारी १९५४ ला बार्शी लाइट ताब्यात घेतल्यानंतरचा, मध्य रेल्वेचा रंग.

खरं तर तिथंच मला समजायला हवं होतं. पण घरी टेबलावरच्या वाघिणीवर मी आधीच बी.एल.आर. अशी कंपनीची अक्षरं पांढऱ्या रंगानं काढून बसले होते. ती अक्षरं सुंदर दिसत होती आणि पुसवत नव्हती. रंग १९५४ नंतरचा, अक्षरं १९५४ आधीची. आणि चाकांजवळची धूळ, दारावरच्या खडूच्या खुणा हे सगळं अण्णांच्या तोंडून ऐकलेलं, म्हणजे १९६३ नंतरचं. एका डब्यावर तीन काळ. असा डबा कधी लातूरच्या धक्क्याला लागलाच नव्हता.

एप्रिल २०१६ मध्ये, दुष्काळात, मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली तेव्हाची गोष्ट आठवली. पहिल्या दिवशी दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर, नंतर पन्नास वाघिणींची गाडी. पेट्रोलियमच्या टाक्या राजस्थानातल्या कोट्याला वाफेनं धुऊन काढलेल्या. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. अक्षरशः बार्शी लाइटची वाट, फक्त मधे जुनी वाट सोडून उस्मानाबादकडून वळसा घेतलेली. मी पाहिलेले जवळजवळ सगळे फोटो हार घातलेल्या इंजिनाचे होते. टाकीवर त्या महिन्यात काय लिहिलं होतं, दुरुस्तीची तारीख काय होती, तोटी कुठे जोडली, हे मी त्या वेळी लिहून ठेवलं नाही. समोर असताना नाही ठेवलं. पन्नास वर्षांनी लातूरच्या कुणी मुलीनं ती टाकी करायला घेतली तर ती माझ्यासारखीच फोटोच्या कडा शोधत बसेल. आता मी स्टेशनवर गेले की वाघिणीच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं आधी टिपते.

बी.एल.आर. ची अक्षरं मी मागच्या महिन्यात पुसून टाकली. टूथपिकवर कापूस गुंडाळून, थिनरचा एकेक थेंब, तीन संध्याकाळी. आता ही वाघीण १९६४ च्या चैत्रातली आहे. अण्णांना कामाला लागून एक वर्ष झालेलं, करडई नुकतीच गंजात आलेली. कोणता दिवस हे ठरल्यावर बाकीचं सोपं झालं. प्रत्येक गोष्टीला विचारायचं, तू त्या दिवशी होतीस का?

मग अण्णांना बसवून विचारलं. खडूच्या खुणा कशा होत्या? चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, पाच पोत्यांची एक जुडी. कुठल्या उंचीवर? त्यांनी भिंतीजवळ उभं राहून हात दाखवला, छातीच्या थोडं वर. टेप लावला, १३० सेंटिमीटर. १:४८ मध्ये २७ मिलिमीटर. डब्यात चढायचं कसं? फळी टाकून, दीड हात रुंद, वर आडव्या पट्ट्या मारलेल्या, पाय घसरू नये म्हणून. उन्हाळ्यात पत्रा इतका तापायचा की दाराला हात लागला तर पोतं सोडावं लागे. म्हणून दाराच्या कडेला गोणपाट गुंडाळून ठेवत. गोणपाटाची गोष्ट कुठल्याच आराखड्यात नाही, कुठल्याच फोटोत मला दिसली नव्हती.

सगळं केलं. फळी काडेपेटीच्या काड्यांची, पट्ट्यांसकट. गोणपाट टिश्यू पेपर चहात बुडवून. सत्तावीस मिलिमीटरवर पांढऱ्या पेन्सिलीनं जुड्या. परवा दुपारी अण्णांच्या समोर धक्का, वाघीण, फळी मांडून ठेवली. त्यांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ पाहिलं. बोटानं जुड्या मोजल्या. गोणपाटाला हात लावून पाहिला.

"हे काय करलालीस माय," म्हणाले, "दार लावलंय की. मग फळी कशाला टाकली?"

बंद दाराला फळी. दीड वर्षात माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

दार आज सकाळी कापलं. आत आता जमीन दिसते, ती करावी लागणार. आणि पोती. शंभर किलोचं करडईचं पोतं उभं असताना किती उंच, हे अण्णांनी कमरेला हात लावून दाखवलंय, ते वीस मिलिमीटरला थोडं कमी येतं. दारापासून थप्पी किती थरांची आणि तोंड कुठल्या बाजूला, ते विचारायचं राहिलंय. ते झोपून उठले की विचारते.